बॅटरीच्या पेटीमागचा कॉक

जळगावच्या पिंप्राळ्यात प्रेमराजभाऊंची ओळख देवभोळा माणूस अशी होती.

दिवेलागणीला ट्रक घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिला की ते उदबत्ती घेऊन बाहेर यायचे. आधी समोरच्या काचेला ओवाळायचे. मग गाडीभोवती फिरायचे. डाव्या अंगाला बॅटरीच्या पेटीजवळ आले की खाली वाकायचे आणि चांगला वेळ वाकलेलेच राहायचे. समोरच्या घरात एक मास्तरीणबाई राहत. त्या आपल्या मुलांना खिडकीशी बोलावून सांगायच्या, पोटाला देणाऱ्या गाडीचा मान कसा ठेवावा ते बघा. पूजा आटोपून भाऊ आत आले की मोरीवर साबण आणि जुनं फडकं ठेवलेलं असायचं. हात धुऊन ते जेवायला बसायचे. सकाळी, ड्रायव्हर गाडीत चढायच्या आधी, पुन्हा उदबत्ती आणि पुन्हा तसंच वाकणं.

खरी गोष्ट वेगळी होती. टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी बॅटरीच्या पेटीमागून जाते. तिथे, गोणपाटाच्या तुकड्याखाली, प्रेमराजभाऊंनी एक पितळी कॉक बसवून घेतला होता. नळाला असतो तसाच, आकाराने लहान. तो आडवा केला की डिझेल बंद. मग चोराने बनावट किल्ली आणून बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला तरी गाडी जागची हलणार नाही. संध्याकाळी वाकून ते कॉक बंद करायचे, सकाळी वाकून उघडायचे. उदबत्ती नुसती हातात असायची.

जळगावातले मिस्त्री बोलघेवडे, म्हणून हे काम त्यांनी धुळ्यात करून घेतलं होतं. बसवणारा म्हातारा मिस्त्री पुढे मुलाकडे सुरतेला राहायला गेला, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. आता हे जाणणारा खानदेशात एकच माणूस उरला होता. बायकोला, लताबाईला, त्यांनी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला तर नाहीच.

ड्रायव्हर उखा. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातला. तरणा असताना प्रेमराजभाऊंकडे लागला आणि त्याची कानशिलं पांढरी झाली तरी तिथेच होता. बोलायचा कमी. गाडी दीपनगरला जायची, वीजकेंद्राची राख भरायची आणि धुळ्याच्या वीटवाल्यांकडे ओतायची. राख सगळीकडे शिरते. भुवयांत, भाकरीत, बायकोच्या लुगड्यांच्या घड्यांत. उखाने गाडी मात्र अशी ठेवली होती की काचेवर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ निघावं. प्रेमराजभाऊ ते बोट अधूनमधून फिरवून बघायचे. स्वच्छ निघालं की त्यांना वाटायचं, एवढं कशासाठी करतो हा?

ते असे आधीपासून नव्हते. पहिला ट्रक त्यांनी चुलतभाऊ विक्रमबरोबर भागीदारीत घेतला होता. फळीवर मागच्या बाजूला मोर काढला होता, स्वतःच्या हाताने. मोराची चोच वाकडी झाली म्हणून विक्रम हसला होता. एकदा विक्रम माल घेऊन सेंधव्याकडे गेला आणि एसटीने परत आला. ढाब्यावर जेवत होतो, म्हणाला, बाहेर येऊन बघतो तर गाडी नाही. ओसरीत बसून तो रडला. प्रेमराजभाऊंनीच त्याला पाणी दिलं. मग काही वर्षांनी सोनगीरजवळ एक ट्रक त्यांच्या पुढे निघून गेला. रंग दुसरा, नंबर दुसरा. मागच्या फळीवर वाकड्या चोचीचा मोर.

त्यांनी विक्रमला कधी विचारलं नाही. विचारायचं ठरवत राहिले, तोवर विक्रम वारला. तेव्हापासून कुणाशी बोलताना ते तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायचे.

मार्गशीर्षात थंडी उतरली. धुळ्याचा पारा किती घसरला ते पेपरात रोज यायला लागलं. पिंप्राळ्यात लोक रिक्षातही कानाला मफलर बांधून बसू लागले. अशा एका सकाळी उखाने किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. नुसतं फिरतं आहे, हुंकार नाही.

प्रेमराजभाऊंच्या मनात आलं, कॉक उघडायचा राहिला की काय? ते उदबत्ती घेऊन धावले, वाकले, चाचपून पाहिलं. कॉक उघडा होता.

"भाऊ, गाडीपेक्षा तुमलेच जास्त थंडी वाजी ऱ्हायनी," उखा केबिनमधून म्हणाला.

"तू तुनं काम कर."

उखा उतरला. बॅटरी पाहिली नाही, वायरी पाहिल्या नाहीत. सरळ डिझेलच्या फिल्टरचा स्क्रू ढिला केला आणि पंपाशेजारचा हातपंप दाबायला लागला. स्क्रूतून फेस आला. हवेचा फेस. दाबता दाबता फेस संपला, नितळ डिझेल आलं. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

"नळीमा हवा भराई जास," तो म्हणाला.

गाडी दीपनगरकडे गेली. प्रेमराजभाऊ ओट्यावर उभेच राहिले. हवा भरते. आजवर भरत नव्हती ती आताच का भरते? आणि बिघाड कुठे आहे ते या माणसाला न बघता कसं कळलं?

दुपारी त्यांनी फोन करून विचारलं. गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते, उखा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाही. दुपारी हो. तिसऱ्या दिवशीही तसंच. म्हणजे जे काही होतं ते रात्रीतून होतं. आणि रात्रीतून जे होतं ते कुणीतरी करतं. प्रेमराजभाऊंच्या हिशेबात आपोआप असं काही होत नसे.

पहिला संशय त्यांनी पेट्रोलपंपावर घेतला. पंप बदलला. मग त्यांच्या मनात आलं, टाकीतलं डिझेल कुणी नळी घालून ओढतं का? पातळी खाली गेली की नळी हवा ओढणारच. त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. पितळी, जाड, सोनाराच्या दुकानाला शोभेल असं.

उखाने कुलूप पाहिलं. हात लावून पाहिलं. "बरं करं, भाऊ," म्हणाला.

हे 'बरं करं' त्यांना दिवसभर टोचत राहिलं. ज्याच्यावर कुलूप लावलं तो माणूस चिडतो. हा का चिडत नाही?

कुलूप लावल्यावरही गाडी सुरू होईना. मग प्रेमराजभाऊ पहाटेच उठून, घोंगडी पांघरून, गॅलरीत बसायला लागले.

"मांजरनी वाट देखी ऱ्हायनात का?" लताबाईने चहा हातात देत विचारलं.

"चोरनी."

"चोर येई तं तुमले देखीसन घाबरी जाई. काय ते ध्यान."

चोर आला नाही. गल्लीतली कुत्री सोडून गाडीजवळ कुणी फिरकलं नाही. आणि सकाळी गाडी सुरू झाली नाही.

मग लखन मिस्त्रीला बोलवावं लागलं. हायवेवर त्याचं गॅरेज होतं. तो स्कूटरवरून आला, कानटोपी वर केली, आणि गाडीला हात न लावता उखाला सेल्फ मारायला सांगितलं. स्वतः मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहिला.

"धूर नही," तो म्हणाला. "पांढरा धूर ऊना असता तं मी म्हनतू, डिझेल पोची ऱ्हायनं पन थंडीमा पेटत नही. आठे काहीच नही. डिझेल पोचतच नही."

त्याने एका डब्यात डिझेल घेतलं. टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडली. तिच्या जागी स्वतःची एक नळी लावून तिचं टोक डब्यात बुडवलं आणि डबा उखाला उंच धरायला लावला. हातपंपाने हवा काढली. प्रेमराजभाऊंनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"पंप बरा. नोझल बरं. इंजिन तं पोरगं शे," लखन म्हणाला. मग त्याने जुनी नळी पुन्हा जोडली, पण तिच्या शेवटी एक पारदर्शक तुकडा घातला. गाडी चालू असताना त्या तुकड्यातून डिझेल जाताना दिसत होतं. त्यात बारीक बुडबुडे होते. सोड्याच्या बाटलीत असतात तसे.

"देखा. दुखणं मधमा शे. टाकी ते पंप, कोठेतरी हवा घुसी ऱ्हायनी." त्याने हात पुसले. "या नळीले मधमा काही जोड शे का?"

"नही," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"नही," उखा म्हणाला.

दोघे एकदमच बोलले. लखनने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"शायामा पाठ करेल कविता सारखं बोलनात," तो म्हणाला आणि नळीला बोट लावून माग काढत निघाला. टाकीपाशी वाकला. तिथून पुढे. बॅटरीच्या पेटीपाशी आला.

"तठे हात घालू नको," प्रेमराजभाऊ म्हणाले. "पत्रा गंजेल शे. बोट कापाई जाई."

लखनने मान वर केली. पेटीसमोर उखा येऊन उभा राहिला होता. पाठ पेटीला टेकवून, हाताची घडी घालून, जणू उन्हाला उभा आहे. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

लखन उठला. "डॉक्टरले पोट दाखाडानं नही आनि म्हनानं, दुखस कोठे ते सांग. तुमनी गाडी तुमले मुबारक, भाऊ." फिल्टरपाशी दोन नवी वायसरं टाकून तो निघून गेला. कानटोपी त्याने गल्लीच्या टोकाला जाऊन पुन्हा खाली ओढली.

प्रेमराजभाऊंनी त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागितलं. भाजीत मीठ होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पेटीला पाठ लावलेला उखा होता. तो तिथेच का उभा राहिला? एवढी मोठी गाडी, चार बाजू. तिथेच का?

त्या जागेबद्दल खानदेशात एकाच माणसाला माहीत होतं.

कॉकवर त्यांना संशय आला नाही. तो पितळी होता, त्यांनी स्वतः निवडला होता, आणि रोज त्यांच्या हाताखाली बिनतक्रार फिरत होता. सगळ्या गाडीत त्यांचा भरवसा फक्त त्याच्यावर होता.

दोन दिवसांनी उखा घरामागच्या नळावर तोंड धूत होता. फोन खांद्यात धरून बोलत होता. प्रेमराजभाऊ न्हाणीत होते. खिडकी त्या नळाच्या वरच होती. पाण्याच्या आवाजातून एकच वाक्य धड ऐकू आलं.

"भाऊले समजाले नको."

ते तसेच ओल्या अंगाने उभे राहिले. पाणी गार होऊन गेलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी जितेंद्रला निरोप दिला. जितेंद्र अमळनेरकडचा, तिशीतला, बऱ्याच दिवसांपासून काम मागत होता. सोमवारपासून ये, म्हणाले. उखाला काही सांगितलं नाही. चोर रंगेहाथ पकडल्याशिवाय त्याच्या हातातून किल्ली घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. विक्रमला तसं पकडता आलं नव्हतं. त्याला विचारायला त्यांच्या हाती एका मोराशिवाय काहीच नव्हतं.

संधी चालून आली. धुळ्याच्या वीटभट्टीवर राख उतरवायला उशीर झाला, म्हणून उखा तिथेच मुक्कामी राहणार होता. धुळ्याच्या मुक्कामात गाडी जास्तच त्रास देते, हे प्रेमराजभाऊंच्या लक्षात आलं होतं. तिथे ते नसत, कॉक रात्रभर उघडा असे. याचा अर्थ त्यांच्या दृष्टीने सरळ होता. धनी नाही तिथे चोराला मोकळं रान. जळगावपेक्षा धुळ्याला थंडी जास्त पडते, हेही ते रोज पेपरात वाचत होते. पण ते वाचून त्यांनी पान उलटलं होतं.

पहाटेच्या पहिल्या एसटीने ते निघाले. पारोळ्याला चहा घेतला नाही. खिडकीच्या काचेवर धुकं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. पुन्हा पुन्हा ते एकच वाक्य मनात जुळवत होते. किल्ली दे. एवढंच म्हणायचं. शिव्या नाहीत, मागचं काही नाही. किल्ली दे.

हायवेवर उतरून ते भट्टीकडे चालू लागले. उजाडलं होतं, पण ऊन आलं नव्हतं. कच्च्या विटांच्या रांगांवर दव होतं. भट्टीच्या धुराने सगळं करडं दिसत होतं आणि त्या करडेपणात त्यांची गाडी उभी होती. राखेच्या रंगाची, नीट पुसलेली.

डाव्या अंगाला, बॅटरीच्या पेटीखालून, दोन पाय बाहेर आले होते. उखाच्या चपला शेजारी काढून ठेवलेल्या. देवळाबाहेर ठेवतात तशा.

प्रेमराजभाऊ जवळ गेले. गोणपाटाचा तुकडा मातीवर पडला होता. आतून पाना फिरल्याचा आवाज आला.

"भायेर ये."

पाय थांबले. मग उखा हळूहळू बाहेर सरकला. एका हातात पाना. बोटं डिझेलने ओली. तोंडात काहीतरी धरलं होतं, ते त्याने काढून तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. धन्याकडे पाहिलं. दचकल्यासारखा दिसला नाही. थकल्यासारखा दिसला.

"किल्ली दे."

उखाने खिशातून किल्ली काढून दिली. का म्हणून विचारलं नाही. प्रेमराजभाऊंना तेच जास्त लागलं. इतक्या वाटेने जुळवत आणलेलं भांडण तिथे कुणी घेईना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"तुले आठेनं माहीत शे, ते."

उखा चाकाला टेकून उकिडवा बसला. "तुम्ही पाचोराले अक्काकडे लगनले गयथात ना. पाच का सहा साल व्हयनात. कॉक उघाडाना इसरी गयथात. राखना रांगमा नंबर व्हता, न गाडी घरना सामनेच. सेल्फ मारी मारी बॅटरी उतराले लागनी. मंग मी नळी धरीसन निंघनू. टाकीपासून. आठे सापडना."

"मंग?"

"मंग काय. उघाडं, राख भरी, धुयाले ओती. सांजले तुम्ही येवाना पहिले परत बंद करी दिन्हं. गोणपाट जसं व्हतं तसं."

"माले सांगं नही तू."

"तुम्ही माले सांगं व्हतं का?"

भट्टीवर कुणीतरी खोकलं. प्रेमराजभाऊ उभेच होते. हातातली किल्ली त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"आनि एकच येळा नही," उखा पुढे म्हणाला. आता बोलायला लागला होता तर बोलतच राहिला. "तुम्ही बराच येळा इसरतस, भाऊ. उदबत्ती फिराडतस, मास्तरीणबाईशी बोलतस, न उघाडाले इसरी जातस. मी उघाडी लेस. तुमले वाटस तुम्हीच उघाडं."

मग त्याने मूठ उघडली. तळहातावर रबराची एक बारीक काळी कडी होती. नवी. शेजारी जुनी, तशीच पण चिरलेली. प्रेमराजभाऊंनी जुनी उचलली. बांगडीच्या तुकड्यासारखी कडक होती. बोटांत दाबली तर मोडली.

"कॉकना दांडीमा हाई ऱ्हास. जुनं व्हयनं रबर. थंडी पडनी का कडक व्हई जास, न इंजिन डिझेल ओढस तवय दांडीजोडेतीन हवा घुसस. दुपारले ऊन लागनं का नरम पडस. म्हनीसन दुपारले गाडी बरी. धुयाले थंडी जास्त, म्हनीसन आठे आजारी जास्त."

"तुले पहिल्याच दिन माहीत व्हतं."

"व्हतं."

"लखनना सामने खोटं बोलना."

"तुम्ही बी बोलनात. मी तुमना संगे बोलनू." उखाने पाना मातीवर ठेवला. "आनि सांगतू कसं? भाऊ, तुमना कॉकनं वायसर गयं. असं सांगं असतं तं तुम्ही पहिले काय इचारतात?"

काय विचारलं असतं ते प्रेमराजभाऊंना माहीत होतं. तेच तर ते इथे येऊन विचारत होते.

"त्या दिन फोन कोनले करी ऱ्हायंता?"

"वायसरवालाले. धुयाना. या मापनं सापडत नव्हतं. त्याले म्हनं, भाऊले समजाले नको. म्हनं आठे, तुम्ही नही तठे, गुपचूप बदली टाकू. तुमना कॉक तुमना राही, गाडी बी चालू व्हई."

कोवळं ऊन विटांच्या वरच्या रांगेवर आलं. प्रेमराजभाऊंनी सगळं पुन्हा एकदा मनात मांडून पाहिलं. कुलूप, गॅलरी, घोंगडी. पेटीला पाठ लावून उभा असलेला उखा. तो कॉक लखनपासून झाकत होता. त्यांच्यासाठी. संशयाला उभं राहायला ते अजून जागा शोधत होते. कदाचित हा योग्य वेळेची वाट बघत असेल, त्यांच्या मनात आलं. गाडी पळवायला. मग आठवलं, की लग्नाच्या त्या दिवशी गाडी, किल्ली आणि कॉक तिन्ही याच्या हातात होते, आणि संध्याकाळी गाडी पिंप्राळ्यात होती. वाट बघायची होती तर कशाची?

"बशाड," ते म्हणाले. "नवं वायसर बशाड."

उखा पुन्हा खाली गेला. पाना फिरला. मग त्याने हातपंप दाबला, फेस आला, गेला. प्रेमराजभाऊ केबिनमध्ये चढले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली. एक पांढरा भपकारा निघाला आणि गाडीने हुंकार दिला. थंडीत, उघड्यावर रात्र काढलेली गाडी. अर्ध्या सेल्फला.

खाली उखा चपला घालत होता.

मग ते शेजारच्या जागेवर सरकले.

"चल. दीपनगरले रांग लागी जाई."

उखा चढला नाही. दाराशी हात पुसत उभा राहिला. "सोमवारले जितेंद्र येवाव शे ना?"

"तुले कोन सांगं?"

"जितेंद्रनीच. मना साडूना पोरगा शे तो. इचारी ऱ्हायंता, काका, गाडीमा खोड काय शे?"

"मंग तू काय सांगं?"

"सांगं, गाडीमा काही खोड नही."

प्रेमराजभाऊंनी फोन काढला आणि जितेंद्रला सांगितलं, येऊ नको. पलीकडून कारण विचारलं गेलं. "माले बी माहीत नही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. उखा चढला. गाडी हायवेला लागली.

एरंडोलच्या अलीकडे उखा म्हणाला, "कॉक काढी टाकूत का?"

प्रेमराजभाऊ रस्त्याकडे बघत होते. पुढे एक ट्रक जात होता. त्याच्या मागच्या फळीवर काय काढलं आहे ते त्यांनी नीट वाकून पाहिलं. कमळ होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

"राहू द्या. पन वायसर दर दिवाईले बदलानं."

त्या संध्याकाळी गाडी घरासमोर उभी राहिली. प्रेमराजभाऊ बाहेर आले. हातात उदबत्ती नव्हती. उखा खाली उतरून राख झटकत होता. त्याच्यासमोरच ते पेटीपाशी वाकले, गोणपाट बाजूला केलं आणि कॉक आडवा केला. उखाने सवयीने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. प्रेमराजभाऊ हसले नाहीत. पण उठताना त्यांनी हात पुढे केला आणि उखाने तो धरून त्यांना उभं केलं.

आत आले. मोरीवर साबण होता, शेजारी फडकं.

ते बघत राहिले. उदबत्ती ओवाळून आलेल्या माणसाला साबण कशाला लागतो, हे त्यांना इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"अवं," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "हाऊ साबन तू रोज कसाले ठेवस?"

"तुमनी उदबत्तीले डिझेलना वास येस," लताबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "बसा, ताट वाढी ऱ्हायनी."

प्रेमराजभाऊ हात धुऊन पाटावर बसले. भाकरी मोडता मोडता त्यांचं लक्ष दारातून समोर गेलं. पलीकडच्या घरात दिवा लागला होता. खिडकीशी मास्तरीणबाई उभ्या होत्या, गाडीकडे बघत. आज पूजा झाली नाही म्हणून बघत असतील. किंवा दुसऱ्या कशासाठी.

घास हातात धरून ते विचार करू लागले, त्या बाईंना किती माहीत असेल.